लिंबूटिंबू करून घेतलं म्हणजे खेळायला घेतलं असं नसतं हो

पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. ऑटिझमच्या मुलांना मित्र नकोच असतात, आधी थेरपीत नजरेला नजर द्यायला आणि बोलायला शिकवा मग मुलांत सोडा, आणि एकदा सोडलं की बघून बघून आपोआप शिकतात.

मित्र नकोच असतात? माझा मुलगा सात वर्षांचा, खाली डबा ऐसपैस चालू असलं की हा पार्किंगच्या कठड्यावर बसून फरशा मोजतो, सगळ्यांना वाटतं आपल्यातच रमलाय, पण घरी आला की कोण कुठे लपलेलं ते बरोब्बर सांगतो. मग? आता काहींना खरंच एकटं बरं वाटतं, त्यांना ओढत नेऊ नये, हे मान्य.

आधी नजर, मग खेळ हे तर उलटंच. डोळ्यांत बघताना ऐकणं जड जातं असं ऑटिस्टिक मोठी माणसंच सांगतात. डॅनियल लेगॉफ यांनी 2004 मध्ये मांडलेली लेगो थेरपी बघा, एक मूल चित्र बघून सांगतं, दुसरं तुकडे देतं, तिसरं जोडतं, सगळे बघतात ठोकळ्यांकडे, पण एकमेकांना काही कळवल्याशिवाय मॉडेल उभंच राहत नाही.

आणि ते ‘आपोआप’! इथे माझं डोकंच फिरतं. नुसतं सोडलं की पोराचा लिंबूटिंबू होतो, म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर पण राज्य कधीच येणार नाही. अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 60 मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात मोठ्यांनी फक्त ऑटिस्टिक मुलाला शिकवण्यापेक्षा वर्गातल्या तीन मुलांना, त्याला खेळात कसं घ्यायचं ते शिकवलं तेव्हा जास्त फरक पडला, मैदानावर एकटं राहणंही कमी झालं.

म्हणजे शिकायचं दोन्ही बाजूंनी आहे. एडिनबर्गच्या कॅथरिन क्रॉम्प्टन यांचा 2020 चा प्रयोग तर चक्क कानगोष्टींसारखा होता, मोठ्या माणसांवरचा, नुसत्या ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली, गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत.

आम्ही काय केलं तर खालच्या दोन पोरींना एवढंच सांगितलं, की त्याला नावाने हाक मारा, उत्तराला जरा थांबा, नियम एका वाक्यात सांगा आणि आकडे त्याला मोजू द्या. तीन-चार आठवडे तो नुसताच मोजून परत कठड्यावर जायचा. काल पहिल्यांदा त्याच्यावर राज्य आलं, रडला, पण दिलं.