मी नाही, मीठ

गप्पा मारणारा बॉट घरच्या कॉम्प्युटरवर बनवायला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, दहा-बारा इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते') आणि कुणी न विचारलेला उत्साह एवढं पुरतं. युक्तीही जुनीच. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची बॉट मांडली, तिचीच. समोरच्याच्या वाक्यातला ठळक शब्द पकडायचा, 'मी'चा 'तुम्ही' करायचा आणि प्रश्नचिन्ह लावून त्याचा माल त्यालाच परत. काहीच हाती लागलं नाही तर 'आणखी सांगा'. (कित्येक साहेबांची अख्खी नोकरी याच तत्त्वावर चालते.) वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तर एलायझाशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं.

माझ्या बॉटशी बोलताना मलाच बाहेर जावंसं वाटलं.

'मी नेहमी कमी बोलतो,' मी लिहिलं. उत्तर आलं, 'तुम्ही नेहतुम्ही कतुम्ही बोलतो का?' 'सहाय्य कर' म्हटलं, तर त्यातला 'हाय' तेवढा उचलून त्याने मला नमस्कार केला.

अख्खा शब्दच जुळावा म्हणून रेजेक्सची (मजकुरात नमुने शोधणाऱ्या साधनाची) शब्दसीमा लावली, म्हणजे अक्षर आणि बिगर-अक्षर जिथे भेटतात ती जागा. आता 'मी दमलो' लिहिलं की ढिम्म. आणि 'मीठ संपलं' लिहिलं की, 'तुम्हीठ का संपलं?' कारण ऐका: पायथॉनच्या रेजेक्सच्या लेखी वेलांटी हे अक्षरच नव्हे. त्यामुळे सुट्या 'मी'ला शेवटी सीमाच मिळत नाही, पण 'मीठ'मध्ये 'ठ' सुरू होताच त्याला ती सापडते. बाराखडी शिकवणाऱ्या बाईंनी हे ऐकलं असतं तर त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

रेजेक्सला नारळ दिला, वाक्य मोकळ्या जागांवर तोडलं आणि एकेक शब्द ताडून पाहिला. क्रियापदांचा नाद सोडला. 'तुम्ही का दमलो?' हे मी बोलीभाषा म्हणून खपवणार आहे.

चाचणीला बाबांना बसवलं. चार वाक्यांत ते कंटाळले.

'पुरे,' त्यांनी लिहिलं.

'आणखी सांगा.'

'बंद हो.'

'आणखी सांगा.'

"अरे, हा ऐकत का नाही?"

"बाबा, 'निरोप' लिहा, मग थांबेल."

बाबांचं शुद्धलेखन कडक. त्यांनी 'निरोप' लिहून पूर्णविराम दिला. माझ्या कोडमध्ये पूर्णविराम नव्हता.

'आणखी सांगा.'

बाबांनी लॅपटॉपचं झाकण दाणकन मिटलं. जेवणानंतर मी ते उघडलं, तर कर्सर लुकलुकत होता आणि खाली बाबांचं एक अर्धवट टाइप केलेलं वाक्य होतं. ते इथे देता येणार नाही.