गाडीवर आहेस का? मग ठेवते.

मागच्या दिवाळीत माझी धाकटी जाऊ माझ्याशी तीन आठवडे बोलत नव्हती. कारण ऐकाल तर हसाल. तिने मला लागोपाठ चार फोन केले आणि मी एकही उचलला नाही. मी तेव्हा इंदिरानगरच्या बोगद्यात अडकले होते. नाशिककरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: हायवेखालून जाणारी एक अरुंद वाट, दोन्हीकडून आख्खं गाव तिच्यात एकाच वेळी शिरायला बघतं. पुढचा हलला तरी मागचा हॉर्न वाजवतो, नाही हलला तरी वाजवतो. माझा फोन स्कूटीच्या डिकीत, पर्समध्ये, डब्याच्या आणि मेथीच्या जुडीच्या खाली. वाजत असेल बिचारा. घरी येऊन बघते तर चार मिस्ड कॉल आणि खाली मेसेज, "एवढं काय गं राज्य चालवतेस?"

तिला विचारायचं होतं, अनारशाचं पीठ उरलंय का.

तर माझा नियम असा आहे. गाडीवर असताना फोन नाही. हेल्मेटमध्ये खुपसून नाही, स्कार्फमध्ये खोचून नाही, कानात ब्लूटूथ लावून नाही, सिग्नलला "पटकन बघते" असंही नाही. डिकी बंद म्हणजे दुकान बंद. घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. मुलाला कुणी विचारलं, आई कुठे आहे, फोन लागतोय पण उचलत नाही, तर तो सांगतो, "आई सोवळ्यात आहे. अर्ध्या तासाने करा."

आता गाडी चालवताना फोनवर बोलू नये हे पहिलीतल्या पोरालाही पाठ आहे, त्यावर मी आणखी काय दिवे लावणार! मला बोलायचंय ते पलीकडच्या माणसाबद्दल. म्हणजे जो घरात सोफ्यावर बसून फोन लावतो, त्याच्याबद्दल. कारण एकदा ती पलीकडची बाई मी होते.

२०१७ चा श्रावण. घरी सत्यनारायण होता. धाकटा भाऊ गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदाकाठावरून, फुलं, आंब्याचे डहाळे आणि केळीचे खांब घेऊन मोटरसायकलवर निघालेला. मी फोन लावला. तो म्हणाला, "ताई, गाडीवर आहे." हे शब्द मी ऐकले. नीट ऐकले. आणि म्हणाले, "हो हो, एकच सांगते. केळीचे खांब..."

"घेतलेत."

"आणि विड्याची पानं? पंचवीस सांगितलीत गुरुजींनी, मागच्या वेळी तू..."

तेवढ्यात आवाज आला. फार मोठा नव्हता, पत्र्याचा डबा पडावा तेवढाच. मग घासत गेल्याचा. मग कुणाचं तरी "अरे अरे अरे". फोन चालूच होता. मी इकडे स्वयंपाकघरात हातात शिऱ्याचं उलथनं धरून हॅलो हॅलो करतेय आणि तिकडून नुसता रस्ता ऐकू येतोय. रिक्षा, हॉर्न, "पाणी आणा रे". दोनेक मिनिटांनी एका अनोळखी माणसाने फोन उचलला आणि विचारलं, "ताई, हे तुमचे कोण?"

मनगट मोडलं होतं, बाकी खरचटण्यावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर. भाऊ आजही म्हणतो की पुढच्या रिक्षावाल्याने अचानक ब्रेक मारला. मी काही बोलत नाही. त्या क्षणी त्याच्या कानात पंचवीस विड्याची पानं होती, हे मला ठाऊक आहे. पूजा संध्याकाळी उशिरा झाली. एक खांब मधूनच मोडला होता, तो सुतळीने बांधला. पानं अकराच निघाली. गुरुजी म्हणाले, चालतील.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. गाडीवरच्या फोनचा अर्धा गुन्हा तरी फोन करणाऱ्याचा असतो. "गाडीवर आहे" हे कळल्यावरही जो "दोनच मिनिटं" म्हणतो, तो तर त्या गाडीवर मागच्या सीटवर बसून चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवतोय.

मागच्या सीटवरून आठवलं. "मग शेजारी बसलेल्याशी बोलतो ते चालतं का?" असं मला नवरा नेहमी विचारतो, वकिली थाटात. तर चालतं, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना प्रयोगशाळेत गाडी चालवल्यासारखं करायला लावून हेच तपासलं. २००१ च्या त्यांच्या प्रयोगात फोन हातात धरला काय आणि हँड्सफ्री असला काय, लक्ष उडायचं ते उडतंच, असं दिसलं. म्हणजे हात मोकळे असले तरी डोकं गुंतलेलं. पुढे २००८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी बसलेल्याशी गप्पा आणि फोनवरच्या गप्पा अशी तुलना केली. फोनवर बोलणारे ठरलेलं वळण जास्त वेळा चुकले. शेजारी बसलेल्याला समोरचा रस्ता दिसत असतो, तो चालवणाऱ्याला मदतच करतो. कसारा घाटात समोर ट्रक आला की मी नणंदेबद्दल कितीही रंगात येऊन सांगत असले तरी आपोआप गप्प होते, नवऱ्याचं वळण होऊ देते आणि मग पुन्हा नणंदेवर येते. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो "मग ऐक ना" म्हणतच राहतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं म्हणून सरळ लिहून टाकलंय. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधायला नकाशा बघण्याची मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. आता तो बेत कुणी ठरवायचा? आणि आपल्याकडे नियम आला की पळवाट त्याच्या आधी पंपावर हजर. आठवतंय ना, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशकात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असं झालं होतं? तेव्हा मागच्याचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरणारे आपणच. तेव्हा कायद्यावर माझी फार भिस्त नाही.

हिशेब मात्र करून बघा. गंगापूर रोडला चाळीसच्या वेगाने जाताय. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. "कुणाचा आहे" हे बघायला तीन सेकंद खाली पाहिलंत, की तेहतीस मीटर तुम्ही न बघता गेलात. साधारण तीन मोठ्या सिटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. आणि सध्या तर २०२७ च्या सिंहस्थासाठी जिथे तिथे खणून ठेवलंय. काल होता तो रस्ता आज असेलच याची खात्री नाही.

सगळ्यात जास्त कीव येते ती पार्सलवाल्या पोरांची. ती पोरं हँडलवर नकाशा लावून येतात, आणि आपण घरात बसून त्याच नकाशावर त्यांची गाडी सरकताना बघत असतो. दिसतंय की पोरगा मायको सर्कलला आहे, दिसतंय की येतोय. तरी फोन करायचा, "कुठपर्यंत आलात?" अहो, तुमच्या हातात दिसतंय ना! त्याला बिचाऱ्याला उचलावाच लागतो, नाहीतर तुम्ही तारे कमी देणार. निफाडच्या माझ्या मामेभावाचीही तीच गत. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला निघाला की रस्त्यातच फोन सुरू, "आज काय भाव निघाला?" तो ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडतो, "अरे, पोचू तर दे!"

गंमत बघा, "आपण आत्ता बोलू शकता का?" हे मला आजवर फक्त एकाच जातीच्या लोकांनी विचारलंय. पर्सनल लोनवाल्यांनी. सख्खी माणसं मात्र हॅलोच्या आधीच मुद्द्यावर.

पूर्वी असं नव्हतं हो. इनकमिंगलाही पैसे पडायचे, २००३ मध्ये ते बंद झाले. तोवर फोन केला की पहिलं वाक्य, "तुझे पैसे जातायत, पटकन सांगते." त्याच्याही आधी एसटीडी बूथवर समोर लाल आकडे पळताना दिसायचे, त्यामुळे आमचे बाबा चिठ्ठीवर मुद्दे लिहून न्यायचे. पाच मुद्दे, दोन मिनिटं, जय श्रीराम. समोरच्याच्या खिशाची आपल्याला काळजी होती तोवर फोन आटोपशीर होता.

आता पोस्ट लांबलीच आहे तर माझ्या बाकीच्या खोडीही सांगून टाकते, म्हणजे एकदाच काय ते हसून घ्या. माझी रिंगटोन जुन्या काळ्या फोनची ट्रिंग ट्रिंग आहे, गाणं नाही. गाणं लावलं की ते अर्धं ऐकून फोन उचलायचा, मग दिवसभर ते अर्धं गाणं डोक्यात. उजव्या कानालाच फोन लावते, डाव्या कानाला लावला की समोरचा खोटं बोलतोय असं वाटतं. का ते विचारू नका. व्हॉइस नोट ऐकत नाही, सात मिनिटांची तर नाहीच. दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे म्हणे, पण मग आत्याबाई चिपळूणच्या कीर्तनकारासारख्या वाटतात. "ओळख बघू कोण बोलतंय!" म्हणणाऱ्याला मी "ओळखलं नाही, राँग नंबर" म्हणून ठेवते, ओळखलं असलं तरी. आणि स्वतः फोन करून "कोण बोलतंय?" विचारणाऱ्याला मी आजही उलट विचारते, "तुम्ही कोणाला केलाय?"

"बाकी काय?" हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सगळं बोलून झालेलं असतं, "चल ठेवते" तीनदा झालेलं असतं, आणि मग एक उसासा, "बाकी काय म्हणतेस?" तिथून पुढे पंधरा मिनिटं. खरी बातमी नेहमी त्या पंधरा मिनिटांत असते हे मान्य. माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट मला "बाकी काय" नंतर कळला होता.

दुसऱ्याचा फोन ऐकणं हा वेगळाच छळ. एकदा निमाणीहून नाशिकरोडला सिटी बसने जात होते. पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर, "नाही, मुलगा चांगलाय... हो... पण तो म्हणाला ना तेव्हा... अय्या, खरंच?" मला पुस्तक वाचायचं होतं, एक ओळ पुढे सरकली नाही. यावरही अभ्यास झालाय. कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं ऐकताना आपलं लक्ष जास्त उडतं. पुढे काय येणार हे कळत नाही, म्हणून मेंदू ते रिकामं अर्धं भरत बसतो. म्हणजे स्पीकरवर बोलणारे परवडले म्हणायचे! बिटकोला उतरले तेव्हा त्या मुलाने काय म्हटलं होतं ते कळलंच नाही. अजूनही मधूनच आठवतं.

माझ्या नियमावर एक आक्षेप मात्र खरा आहे, तो मीच सांगते. अडीनडीचं काय? आई आजारी होती ते चार महिने मी नियम मोडला. फोन पुढच्या कप्प्यात ठेवायचे, दवाखान्यातल्या भावजयीच्या नंबराला वेगळी रिंग. वाजला की गाडी कडेला. पण मोबाईल तीस सेकंदच वाजतो, आणि नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत तीस सेकंदांत कडेला येऊन दाखवा. दोनदा उचलायच्या आत बंद पडला. तेव्हा आमचं ठरलं. एकदा रिंग देऊन सोडायचं, मी थांबून करेन. लागोपाठ दोनदा आला तर तातडीचं. तेवढं पाळलं सगळ्यांनी. जाऊबाईंना हे तेव्हा माहीत होतं, म्हणून तर माझं म्हणणं, अनारशांसाठी चारदा?

असो. ती बोलायला लागलीये. तुळशीच्या लग्नाला स्वतःच आली, अनारसे घेऊन.

परवा भावाला फोन केला. सवयीने आधी विचारलं, "कुठे आहेस?" म्हणाला, "गाडीवर." मी फोन ठेवून दिला. पाच सेकंदांत त्याचा उलट फोन, चिडलेला. "अगं, पूर्ण ऐकत तरी जा. गाडी स्टँडवर आहे, पार्किंगमध्ये. मी नुसता बसलोय तिच्यावर."

म्हटलं, आधी खाली उतर. मग बोल.