शीट सोडा, साडूभाऊ!

कॅटमरानवर, म्हणजे जोडबुडाच्या शिडाच्या बोटीवर, नवशिक्यांना न्यायला माझी अजिबात हरकत नाही, फक्त नवशिका वयाने मोठा आणि नात्याने साडू नसावा. बोटीवर ऑर्डर कशी एका शब्दात द्यायची असते, "वाक!" की झालं. मला मात्र "अहो साडूभाऊ, जरा डोकं खाली घेता का" असं सगळं म्हणावं लागतं आणि "घेता का" पर्यंत पोचेस्तोवर बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, त्यांच्या टकलाची गाठ घेऊन पलीकडे गेलेली असते.

बोट हॉबी १६. हॉबी अल्टर नावाच्या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने १९७० च्या सुमारास काढलेली, केळ्यासारखे वाकडे दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बुडं, मधे बसायला ताणलेलं कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, खाली पाण्यात सोडायची फळी, सेंटरबोर्ड, वगैरे भानगड नाही, वाळूतून ढकलली की निघाली. कॅटमरान हा शब्द मुळात तमिळ, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं, ही माहिती मी मोठ्या अभिमानाने दिली तर साडू म्हणाले, "म्हणजे ओंडकेच की!" भाची हसली. ही त्यांची मुलगी, तीही पहिल्यांदाच येत होती, पण तिला अगं-तुगं करता येतं त्यामुळे ती तासाभरात तयार झाली.

रिगिंगला, म्हणजे डोलकाठी-शिडं चढवायला, दीड तास लागला. शिडात घालायच्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, त्यांचं बारीक लवचिक टोक डोलकाठीकडे जायला हवं, साडूंनी सगळ्याच्या सगळ्या उलट्या सारल्या, आणि इतक्या व्यवस्थित, घट्ट गाठी मारून, की सोडवताना माझी दोन नखं गेली. मग डोलकाठी. आठ मीटरची ॲल्युमिनियमची काठी, त्यामुळे आधी वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघायचं, मग बूड खाचेत बसवून पिन घालायची, एकाने ट्रॅम्पोलिनवर उभं राहून खांद्याने रेटायची आणि दुसऱ्याने पुढून तार ओढायची. मी रेटतोय, काठी अर्ध्यात, मानेची शीर न् शीर फुगलेली, आणि पुढून तार ओढणारे साडू एक हात सोडून खिशातून काहीतरी काढून विचारतायत, "हे बूच कशाचं हो? इथे पडलं होतं."

"राहू द्या तुमच्याकडे! नंतर सांगतो! ओढा!!"

पाण्यात गेल्यावर पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग टॅक करायची, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरून बोट वळवायची, वेळ आली. कॅटमरान हलकी, त्यात दोन हल, वाऱ्याच्या तोंडावर वळताना वेग मेला की ती तिथेच मारक्या म्हशीसारखी उभी राहते. म्हणून पुढचं शीड, जिब, जुन्याच बाजूला धरून ठेवायचं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वळेपर्यंत सोडायचं नाही. "साडूभाऊ, जिब आवरा!" म्हटलं तर ते गप्प बसले. त्यांना 'जीभ' ऐकू आलं. बराच वेळ बोलेनात. बोट उलटी मागे जायला लागली, मी सुकाणू उलटं धरून कशीबशी फिरवली, आणि शिवाय माफीही मागितली.

बोट मात्र डावीकडे कलायला लागलेली. मी आपला दर पाच मिनिटांनी, "जरा उजवीकडे सरकता का? वजन फार आहे हो तुमचं." बिचारे सरकायचे. भाची म्हणाली, "काका, बाबा आता अगदी कडेला बसलेत, तरी कलतेय." मी म्हटलं, गप गं, तुला काय कळतंय.

काहीतरी काम द्यावं म्हणून मेनसेलची, म्हणजे मोठ्या शिडाची, दोरी साडूंच्या हातात दिली. या दोरीला शीट म्हणतात, हे मी सांगितलं होतं, शपथेवर सांगतो. जोराचा झोत आला, उजवा हल हवेत, मी जीव तोडून ओरडलो, "शीट सोडा! साडूभाऊ, शीट सोडा!" आणि तो भला माणूस आपली शीट, म्हणजे बसायची जागा, सोडून ताडकन उठला आणि खालच्या बाजूला गेला. दोरी हातात तशीच घट्ट!

उलटल्यावर पोहत जाऊन डोलकाठी वाऱ्याकडे फिरवायची, खालच्या हलवर उभं राहायचं, वरच्या हलवरून टाकलेल्या दोरीला लोंबकळून मागे झुकायचं, बोट सरळ होते. मी आणि भाची लोंबकळलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, बोट ढिम्म. शेवटी साडूंना बोलावलं आणि ज्या वजनाचा मी तासभर उद्धार केला त्याच वजनाने ती एकदाची उठली. कुणी काही बोललं नाही.

किनाऱ्याला लागल्यावर मी नाळ उचलायला गेलो तर उचलेना. तिघांनी मिळून उचलली तेव्हा डाव्या हलच्या मागच्या भोकातून पाण्याची धार लागली, बादल्यामागून बादल्या, थांबायचं नावच घेईना. भाची त्या धारेकडे बघत होती, मग माझ्याकडे. साडूंनी ओल्या चड्डीच्या खिशात हात घालून बूच बाहेर काढलं आणि अगदी अदबीने विचारलं, "हे आता सांगता का, कशाचं ते?"