‘स्क्रीन ती स्क्रीनच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पुस्तकप्रेमींच्या, वाचनालयांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गाभा असा: किंडल (म्हणजे ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, ई-रीडर) काय आणि टॅब काय, स्क्रीन ती स्क्रीनच. तिच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात, झोप उडते (‘हार्वर्डने सिद्ध केलंय’), वाचलेलं डोक्यात राहत नाही. आणि स्क्रीनच हवी असेल तर सरळ टॅब घ्या, त्यात सगळं होतं. शेवटी हात जोडून ‘छापील पुस्तकाला पर्याय नाही’.

शेवटच्या वाक्यावर मी फारसा भांडणार नाही. पण त्याआधीची सगळी कारणं एकतर चुकीची किंवा अर्धवट आहेत, नाहीतर भलत्याच यंत्राला लागू होणारी. ई-रीडर न घेण्याची खरी कारणं त्या मजकुरात औषधालाही नाहीत.

पहिलं, ‘किंडल आणि टॅब एकच’. टॅबचा पडदा पाठीमागून किंवा स्वतःहून उजेड फेकतो आणि तुम्ही त्या उजेडाकडे थेट बघत असता. किंडलसारख्या ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, तो स्वतः उजेड तयारच करत नाही. त्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात काळे-पांढरे कण, एकावर ऋण भार, दुसऱ्यावर धन. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज काढली तरी तिथेच बसून राहतात. म्हणून चार्जिंग संपलेल्या ई-रीडरवरही शेवटचं चित्र दिसत राहतं, आणि बॅटरी तासांत न मोजता आठवड्यांत मोजावी लागते. पडद्याला पान उलटतानाच काय ती वीज लागते. हे तंत्र एमआयटीत जन्मलं, 1997 मध्ये त्याची कंपनी झाली, 2004 मध्ये सोनीने जपानात त्यावरचं वाचनयंत्र विकायला काढलं आणि 2007 च्या नोव्हेंबरात किंडल आलं. भर दुपारी गच्चीत दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून बघा. टॅबवर तुमचाच चेहरा दिसेल, ई-इंकवर अक्षरं आणखी ठसठशीत होतील.

इथे ई-रीडरचे भक्तही एक थाप मारतात. ‘यातला दिवा डोळ्यांत जात नाही, पानावर पडतो’ म्हणे. कडेचे एलईडी पडद्यावर उजेड पसरवतात हे खरं, पण तो परावर्तित होऊन शेवटी डोळ्यांतच येतो, नाहीतर दिसलं असतं कसं? फायदा इतकाच की खोलीत उजेड असेल तर दिवा पूर्ण बंद ठेवता येतो आणि अंधारात अगदी मंद पुरतो.

आता ते ‘हार्वर्ड’. हा अभ्यास खरा आहे आणि म्हणूनच त्याच्याशी झालेला खेळ जास्त खटकतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या (हे हार्वर्डशी संलग्न आहे) संशोधकांनी तो डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध केला. माणसं होती 12. प्रत्येकाने पाच संध्याकाळी छापील पुस्तक आणि पाच संध्याकाळी यंत्रावर वाचलं, झोपण्याआधी सलग चार तास, मंद उजेडाच्या खोलीत. यंत्रावर वाचलं तेव्हा मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक दबलं, झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि सकाळची मरगळही वाढली. यंत्र कोणतं? आयपॅड, प्रकाश पूर्ण वाढवलेला. निबंधाच्या शीर्षकात ‘प्रकाश फेकणारे ई-रीडर’ असं म्हटलं होतं. पुष्कळ मथळ्यांत ‘प्रकाश फेकणारे’ गळलं, ‘ई-रीडर’ उरलं, आणि ई-रीडर म्हटलं की लोकांना किंडलच आठवतं. म्हणजे टॅबविरुद्धचा पुरावा किंडलच्या नावावर खपला, आणि आता त्याच पुराव्यावर लोक सांगतात की किंडलपेक्षा टॅब घ्या! शिवाय पूर्ण उजेडावरचे चार तास हे कुणाचं रात्रीचं वाचन असतं, हा प्रश्न वेगळाच.

निळ्या प्रकाशाने डोळे बिघडण्याचं लवकर उरकतो. पडद्यांच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, स्पष्ट सांगते. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून, आणि तासन्‌तास जवळ बघितल्यामुळे. छापील पुस्तकात नाक खुपसून बसलात तरी हा त्रास व्हायचाच. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद खिडकीबाहेर लांब बघा, निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचे पैसे वाचतील.

‘वाचलेलं डोक्यात राहत नाही’ यात मात्र तथ्य आहे, फक्त अर्धवट. 2018 मध्ये 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, वाचक पावणेदोन लाखांच्या घरात. माहितीपर मजकूर असेल किंवा वेळेचं बंधन असेल तर कागद सरस ठरला. कथा-कादंबऱ्यांत फरक दिसला नाही. ‘नव्या पिढीला सवय आहे, त्यांना चालतं’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: वर्षं सरली तशी कागदाची आघाडी कमी न होता वाढलीच. पण हे बहुतेक प्रयोग संगणक आणि टॅबवरचे. खास किंडलवरचा एक प्रयोग नॉर्वेच्या संशोधक ॲन मँगेन आणि फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडला. 50 जणांना एक लांबलचक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. आकलन जवळजवळ सारखंच. घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे लावताना मात्र किंडलवाले मागे पडले. मला हे पटतं. डाव्या हातातली पानं वाढतात आणि उजव्या हातातली घटतात, त्यातून आपण कुठवर आलो याचं भान राहतं. टक्केवारीचा आकडा ते देत नाही. त्यामुळे एमपीएससीच्या मुलाला कुणी अभ्यासाची पुस्तकं ई-रीडरवर घे म्हणत असेल तर त्याला थांबवा. मागे-पुढे चाळणं, नकाशे, तक्ते, समासात खरडणं यात हे यंत्र रखडतं. कादंबरीला बिनधास्त चालतं.

‘टॅबमध्ये सगळं होतं’ हीच टॅबची अडचण आहे. तिसऱ्या पानावर व्हॉट्सॲप वाजतं. वजनही बघा: सहा इंची ई-रीडर जेमतेम 160 ग्रॅम, दहा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास. आडवं पडून वाचताना तो नाकावर आपटला की फरक कळतो. रंगीत चित्रांची बालपुस्तकं आणि मोठ्या आकाराची पीडीएफ असतील तर मात्र टॅबच घ्यावा.

आणि पीडीएफ म्हटलं की फॉरवर्डमध्ये नसलेली बाजू सुरू होते, जी मराठी वाचकाला खरी नडते. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या अखेरीपासून अधिकृतपणे मिळतात, पण आपलं पुष्कळसं साहित्य आजही पीडीएफमध्ये आहे, त्यातही स्कॅन केलेलं. साडेपाच बाय साडेआठ इंचाचं डेमी पान सहा इंची पडद्यावर बसवलं की ते जवळपास निम्म्यावर येतं. बारा पॉइंटाचं अक्षर सातचं होतं. इंग्रजी तेवढ्यात कसंबसं वाचता येतं. मराठीत अनुस्वार, रफार, वेलांटी हे सगळं शिरोरेघेवर दाटीवाटीने बसलेलं. ते आधी पुसट होतं. दोन स्तंभांचा दिवाळी अंक तर विसराच. जुनी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी टंकांच्या प्रणालींत जुळवलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणताना तपासली नाहीत तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवून चार पानं वाचाच, पैसे त्यानंतर.

दुसरी खरी अडचण मालकीची. ई-बुक विकत घेता तेव्हा तुम्हाला वाचायचा परवाना मिळतो. 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूरूनच पुसल्या होत्या, विक्रेत्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण पुसता येतं हे तेव्हा कळलं. फेब्रुवारी 2025 मध्ये विकत घेतलेलं पुस्तक ॲमेझॉनवरून संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही बंद केली. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयाचं पुस्तक किंडलवर उसनं मिळतं. आपल्या गावच्या वाचनालयात तसलं काही नाही, आणि वाचून झालेलं ई-बुक शेजारणीला देताही येत नाही.

न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला पोस्टाचा खर्च वाचवून रात्रीच्या रात्री नवी कादंबरी मिळते, त्याचा हिशेब वेगळा. पुण्यात-नाशकात राहणाऱ्याने महिन्याला दोन-तीन मराठी कादंबऱ्या वाचत असेल तरच यंत्राचा विचार करावा, आणि घरात ठेवायची पुस्तकं कागदीच घ्यावीत.