माझे संस्थान खालसा झाले

गेल्या गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी, एका हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन मी भाजीवाल्याकडे सुट्टे पैसे मागत उभा असताना खिशातला फोन थरथरला आणि माझा मुकुट गेल्याचे मला कळले. आमच्या सोसायटीच्या मागून पाण्याच्या टाकीकडे जाणारा ६४० मीटरचा चढ आहे. सायकलस्वारांच्या वेळा नोंदवून क्रमवारी लावणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपवर त्या चढाच्या यादीत गेले चौदा महिने माझे नाव सर्वांत वर होते, म्हणजे तिथला मुकुट माझा होता. माझी वेळ होती २ मिनिटे ९ सेकंद, आणि नव्या राजाने तोच चढ ५७ सेकंदांत सर केला होता.

सत्तावन्न सेकंद! दोन-चार सेकंदांनी कोणी हरवले असते तर मी मुकाट्याने मान तुकवली असती, शिवाय तरुण पोरांचे पाय वेगळे असतात असे म्हणून रात्री दोन घास जास्तच जेवलो असतो. पण ४१ मीटर उंची चढवणाऱ्या त्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग राखायचा, तर सायकलसकट ८४ किलो वजनाच्या माणसाला मिनिटभर सलग सुमारे ९०० वॅट ताकद लावावी लागते, हा हिशेब मी भाजीवाल्याच्या गाडीपाशीच उभ्या उभ्या मांडला. एवढी ताकद ज्यांच्या मांड्यांत असते ती माणसे सायकल शर्यतींच्या जागतिक दर्जाच्या धावपट्टीवर, म्हणजे वेलोड्रोमवर, भेटतात, आमच्या सी विंगमध्ये राहत नाहीत. त्याहून मोठा चमत्कार म्हणजे हा पराक्रम करताना या महावीराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ८४ पडत होते. माझे तर जिना चढताना, किराणा मालाच्या पिशव्या हातात नसतानाही, त्याहून जास्त पडतात.

मग मी नकाशा उघडला. स्वारी सकाळी पुण्याजवळचा बोपदेव घाट सायकलने चढून नऊच्या सुमारास घरी परतली होती. त्यानंतर नकाशावरची रेघ सी विंगच्या एका कोपऱ्यात तब्बल नऊ तास घुटमळली. आणि संध्याकाळी अचानक उसळी मारून टेकडीवर गेली, टाकीच्या पलीकडे पीठगिरणीसमोर सहा मिनिटे थांबली व तशीच सुसाट खाली आली. गृहस्थ मनगटावरच्या घड्याळातली नोंद बंद करायला विसरले होते आणि स्कूटरवरून दळण आणायला गेले होते. चौदा महिन्यांचे माझे राज्य दोन पायांमध्ये गव्हाचा डबा धरून बसलेल्या माणसाने, आपण काय करतो आहोत याची कल्पनाही नसताना, पेट्रोलच्या जोरावर खालसा केले.

चूक कोणाकडूनही होते, हे मला मान्य आहे. म्हणून शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये भेट झाली तेव्हा मी अत्यंत सौम्य शब्दांत म्हणालो, "अहो, तुमची कालची राइड जरा बघा. शेवटी स्कूटरची भर पडली आहे तिच्यात."

"हो का? राहिलं असेल बंद करायचं," तो हसून म्हणाला. "रविवारी कापतो तेवढा भाग. पण काका, एवढं काय मनाला लावून घेता? ॲप तर आहे ते."

यातल्या 'काका'चा समाचार मी सवडीने घेणार आहे. मी बावन्न वर्षांचा आहे आणि तो चाळिशीला टेकला आहे, एवढीच नोंद तूर्त करून ठेवतो. पण 'ॲप तर आहे' हे कोणी म्हणावे? ज्याने तीन लाखांची कार्बन फ्रेमची सायकल घेतल्यावर तिच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिले त्याने? रविवारी हा मनुष्य ११० किलोमीटर फिरून आला, त्याची नोंद अकरा छायाचित्रांसह टाकली, खाली आलेल्या प्रत्येक शाबासकीला हात जोडून उत्तर दिले, पण गुरुवारच्या नोंदीची शेपटी कापायला त्याला सवड झाली नाही. शेवटी रात्री मी त्या नोंदीवर आक्षेपाचे निशाण लावले. चार मिनिटांत, घड्याळ लावून सांगतो, चार मिनिटांत त्याने आपली राइड योग्य असल्याचे ठोकून देऊन ते निशाण उडवून लावले. म्हणजे सवड होती.

आता तोंड उघडलेच आहे, तर बाकीचेही बोलून घेतो. सिंहगडाच्या पायथ्याशी रविवारी सकाळी गोळेवाडीच्या नाक्यापाशी जाऊन उभे राहावे आणि तिथला सायकलवीरांचा सोहळा पाहावा. नाक्यापर्यंत रमतगमत यायचे, तिथे दहा मिनिटे श्वास जिरवायचा, अंगावरचे जॅकेट आणि खिशातले केळेसुद्धा मित्राच्या गाडीत टाकायचे आणि मग आठ-नऊ किलोमीटरच्या त्या घाटात, वडाप जीप आणि पायी चालणारी कुटुंबे यांच्यामधून "साइड, साइड" असे खेकसत निघायचे. रस्ता गडावर पिठलं-भाकरी खायला निघालेल्यांचाही आहे, हे या मंडळींच्या गावीही नसते. चढताना निदान वेग बेताचा असतो आणि ओरडायला दमही फारसा उरत नाही. उतारावर विक्रम करू पाहणाऱ्यांविषयी मात्र मला कसलीही सहानुभूती नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे २०१० मध्ये उतारावरचा हातून गेलेला पहिला क्रमांक परत मिळवण्याच्या धडपडीत एका सायकलस्वाराचा अपघाती मृत्यू झाला, कुटुंबीयांनी कंपनीवर दावा लावला आणि २०१३ मध्ये तो न्यायालयाने निकालात काढला. 'स्ट्राव्हा' हा मूळ स्वीडिश शब्द आहे आणि त्याचा अर्थ धडपडणे असा होतो. आपल्या भाषेत धडपडण्याचे दोन अर्थ आहेत, ही माहिती उतारवीरांनी हेल्मेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी.

नोंदींना दिलेल्या नावांबद्दल तर बोलायलाच नको. ताशी ३४ च्या सरासरीने ८० किलोमीटर मारून आलेला इसम नोंदीला 'हलकीशी राइड, पाय जड' असे नाव देतो, तेव्हा त्याच्या जड पायांवर उकळता चहा ओतावा असे मला वाटते. तसाच दुसरा वर्ग बीआरएमवाल्यांचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला सायकलने पुरा करणाऱ्यांचा. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ६०० साठी चाळीस तास अशी मुदत देणाऱ्या, पहिला-दुसरा क्रमांकच न काढणाऱ्या या सुंदर प्रकारात उतरायचे, आणि घरी येऊन कोणाच्या आधी किती मिनिटे पोहोचलो याचा तक्ता करून ग्रुपवर फिरवायचा. ज्या खेळात मुद्दाम शर्यत ठेवलेली नाही, तिथेही आम्ही पायताणाला चिकटलेल्या चिखलासारखी शर्यत आत घेऊन येतो.

शर्यतच हवी असेल तर मुंबई–पुणे सायकल शर्यत होतीच की. बोरघाट सर्वांच्या आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळत असे. सगळे एकाच दिवशी, एकाच उन्हात, एकाच वाऱ्याविरुद्ध आणि लोकांच्या डोळ्यांदेखत चढायचे. तिथे दळणाचा डबा घेऊन कोणी राजा झाल्याचे ऐकिवात नाही. आताच्या राजांना प्रजा लागत नाही आणि घाटही लागत नाही; उड्डाणपुलाचा चढसुद्धा पुरतो. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते फोनवर पाहून घराबाहेर पडायचे, पुढे दोन मित्रांना हवा कापायला लावायचे आणि शेवटच्या दोनशे मीटरवर त्यांच्या पाठीमागून उसळी मारून मुकुट खिशात टाकायचा. मित्रांना वर चहासुद्धा स्वतःच्या पैशांनी प्यावा लागतो.

हे सर्व मी घरी तावातावाने बोलत असताना सौभाग्यवती मटार सोलत होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "तो रस्ता आहे की तुमचा सातबारा?"

प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी त्या सेगमेंटचे, म्हणजे वेळ मोजण्यासाठी ॲपवर आखलेल्या रस्त्याच्या तुकड्याचे, पान पुन्हा उघडले, आणि येथे काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. तो सेगमेंट मीच तयार केला होता. त्याची सुरुवात मी गतिरोधकाच्या पुढे ठेवली आहे, कारण अलीकडे ठेवली असती तर मला वेग कमी करावा लागला असता. यादीत एकूण तेवीस नावे आहेत आणि त्यांतल्या किमान वीस जणांना आपण एखाद्या स्पर्धेत उतरलो आहोत, याचा पत्ता नाही. ते आपले टाकीवरून सूर्योदय पाहायला गेलेले असतात. बोपदेवच्या यादीत माझा क्रमांक चारशेच्या पुढे कुठेतरी आहे. २०२० पासून फुकट्या सभासदांना यादीतील पहिली दहाच नावे दिसतात, तेव्हा तो क्रमांक नीट पाहता यावा म्हणून मी दरवर्षी पैसे मोजतो. इतकेच नव्हे, तर ९९.२ किलोमीटरवर घर आले म्हणून रात्री पार्किंगमध्ये फेऱ्या मारून शंभर पुरे करणारा आणि वॉचमनकडून "साहेब, काही हरवलंय का?" असे विचारून घेणारा इसमही मीच.

राहता राहिली ती २ मिनिटे ९ सेकंदांची वेळ. त्या सकाळी माझ्यापुढे पाण्याचा टँकर होता. तो टाकीकडे निघाला होता, त्याचा वेग माझ्या वेगाला तंतोतंत जुळत होता आणि त्याच्या पाठीमागे वारा म्हणून नव्हता. मी टँकरला हात लावला नाही, एवढे मी शपथेवर सांगतो. मागच्या नळातून गळणारे पाणी तोंडावर उडत होते तरी मी जागा सोडली नाही, हेही सांगतो. त्या वेळेच्या वीस सेकंद आत-बाहेर मी त्यापूर्वी कधी नव्हतो आणि नंतरही आलेलो नाही.

पण टँकरच्या आडोशाने का होईना, पेडल मी मारले होते. माझ्या हृदयाचे ठोके १७८ वर गेले होते आणि टाकीपाशी मी दहा मिनिटे कठड्याला धरून उभा होतो. दळण आणणाऱ्याने निदान डबा तरी पायाने वर न्यायचा होता.

सोमवारी सकाळी मी पुन्हा निशाण लावले. त्याने ते पुन्हा काढले, आणि या वेळी खाली हसरा चेहरा व 'काका, चहाला या' असा निरोप होता. चहाला मी जाणार नाही. त्याऐवजी मी एक नवा सेगमेंट तयार केला आहे. तो ५६० मीटरचा आहे आणि टाकीच्याच दिशेने जातो, पण मधल्या बागेतून, जिथे वाहने येऊ नयेत म्हणून महापालिकेने दोन लोखंडी खांब रोवले आहेत. त्यांच्यामधून सायकल जाते, स्कूटर जात नाही. मी टेप घेऊन मोजून आलो आहे. सध्या तिथे पहिला क्रमांक माझा आहे, यादीत नाव एकच आहे आणि वेळ ३ मिनिटे २ सेकंद आहे. ती सुधारता येईल असे वाटून काल पहाटे पावणेसहाला मी खाली जाऊन दबा धरून बसलो होतो, तेव्हा मला उमगले की त्या खांबांमधून टँकरही जात नाही.