‘भाकितं सगळी सारखीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्राचीन ग्रीसमधली, देवाच्या वतीने भविष्य सांगणारी डेल्फीची पुजारीण, आपलं हवामान खातं आणि कंपन्यांचे सेल्स फोरकास्ट हे सगळं एकाच माळेचे मणी. रेड अलर्ट दिला की ऊन पडतं, त्यापेक्षा पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बरं. धंद्यात आकडेमोड नको, अनुभव पुरे. आणि शेअर बाजारात ज्याचे सलग पाच कॉल (म्हणजे भाव वर जाईल की खाली, याचे सल्ले) बरोबर आले, त्याचंच ऐकावं. यातली बहुतेक विधानं चूक आहेत आणि शेवटचं तर घरं बुडवणारं आहे.

डेल्फीपासून सुरुवात करू. मेसेजमध्ये लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं राज्य) क्रीसस राजाची गोष्ट अर्धीच दिली आहे. ‘पर्शियावर चढाई केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल’ असं उत्तर डेल्फीहून आलं, त्यानं चढाई केली आणि इसवी सनपूर्व ५४६च्या सुमारास त्याचंच साम्राज्य गेलं. पण त्याआधी काय झालं तेही ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. क्रीससने सात देवस्थानांकडे दूत पाठवले. निघाल्यापासून शंभराव्या दिवशी ‘राजा आत्ता काय करतोय?’ एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी तो काशाच्या भांड्यात कासव आणि कोकराचं मांस एकत्र शिजवत होता. डेल्फीचं उत्तर जुळलं आणि त्याचा विश्वास बसला. इथे दोन चुका झाल्या. परीक्षा एकदाच घेतली, तीही चालू क्षणाची, भविष्याची नव्हे. आणि खरा प्रश्न विचारला तेव्हा मिळालेलं उत्तर कुठलाही निकाल लागला तरी खरंच ठरणारं होतं. जे भाकीत चुकूच शकत नाही, ते तपासताही येत नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकू शकतो, म्हणूनच तो वेगळ्या जातीचा आहे.

आता रेड अलर्ट. तो बहुधा ‘तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार’ अशा शब्दांत येतो. ‘अत्यंत मुसळधार’ म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. ते २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या भागातल्या फार तर चतुर्थांश केंद्रांवर. म्हणजे दादरला दुपारभर ऊन होतं आणि पहाटे तीनला बोरिवलीत धो धो कोसळला, तर इशारा खरा ठरला. दादरकराला तो खोटा वाटणार, हे समजण्यासारखं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात जेमतेम ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी.

खातं चुकत नाही असं अजिबात नाही. २००२च्या मान्सूनसाठी सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ८१ टक्के आणि देशात दुष्काळ पडला. ती चूक आकड्यात होती म्हणून कोणालाही मोजता आली आणि पुढच्याच वर्षी अंदाजाची पद्धत बदलावी लागली.

वाहनाचं तसं होत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून नऊने भागतात. उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती अशा नऊंपैकी एक वाहन ठरतं. त्यात ना वाऱ्याची दिशा, ना समुद्राचं तापमान, ना कमी दाबाचा पट्टा. आणि माथेरानला जे वाहन तेच सोलापूरला. ‘बेडूक होता, पाऊस पडला’ एवढंच लक्षात राहतं. किती मिलिमीटर, कुठे, कोणत्या दिवशी, हे वाहन सांगतच नाही.

पंचांग टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. तिथी आणि ग्रहणं ते नेमकी सांगतं आणि धंद्याच्या अंदाजात तिथीच कामाला येते. उकडीच्या मोदकांचं दुकान घ्या. गणेश चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ला २७ ऑगस्टला. २०२५च्या सप्टेंबरची विक्री २०२४च्या सप्टेंबरशी ताडून पाहिली की आकडे कोसळलेले दिसतात आणि मालक उगाच हवालदिल होतो. चतुर्थी चतुर्थीशी जुळवायची, दीड दिवसाचं विसर्जन दीड दिवसाच्या विसर्जनाशी, आणि मग वार बघायचा.

दुसरी चूक वहीतली. सकाळी अकराला मोदक संपले तर वहीत ८०० लिहिलं जातं. ती विक्री झाली, मागणी नव्हे. माल किती वाजता संपला ते लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षीही ८००च केले जातात आणि गिऱ्हाईक पुन्हा हात हलवत परत जातं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: अंदाज वेगळा आणि किती करायचे हा निर्णय वेगळा. समजा मोदकाला खर्च १८ रुपये, विक्री ३० रुपये. एक कमी पडला तर १२ रुपयांचा नफा गेला. एक उरला तर १८ रुपये गेले, कारण दुसऱ्या दिवशी पारी कडक होते आणि तो विकता येत नाही. १२ भागिले ३० (म्हणजे १२ अधिक १८) केलं की ०.४ येतात. याचा अर्थ, दहापैकी चार वेळा पुरेल इतकाच माल करायचा. त्यासाठी मागच्या दहा सणांना प्रत्यक्ष मागणी अंदाजाच्या किती पट होती ते लिहा, लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि चौथा आकडा घ्या. तो ०.९६ असेल आणि यंदाचा अंदाज १००० असेल, तर ९६० मोदक. पेढ्याचं गणित उलट निघेल, कारण उरलेला पेढा उद्याही खपतो.

यात अनुभवाला जागा आहेच. शेजारी नवं दुकान उघडलंय किंवा रस्ता खणून ठेवलाय, हे वहीला कळत नाही. मात्र अनुभवाने आकडा बदललात तर जुना आणि नवा दोन्ही लिहून ठेवा. आणि कोणी महागडं सॉफ्टवेअर विकायला आलं, तर त्याची चूक ‘गेल्या वर्षीची त्याच तिथीची विक्री’ या फुकटच्या अंदाजाच्या चुकीशी ताडून बघा. कमी निघत नसेल तर घेऊ नका.

राहिले पाच बरोबर कॉल. १०,२४० फोन नंबर घ्या. अर्ध्यांना ‘उद्या वर’ पाठवा, अर्ध्यांना ‘उद्या खाली’. ज्यांच्याकडे चुकीचा मेसेज गेला त्यांना सोडून द्या आणि उरलेल्यांना पुन्हा अर्धे करा. पाच दिवसांनी ३२० माणसं अशी उरतात, ज्यांच्या फोनवर सलग पाच बरोबर कॉल आहेत. पाठवणाऱ्याला बाजारातलं काहीही कळत नसलं तरी. सात देवस्थानांतलं जुळलेलं तेवढं उचलणाऱ्या क्रीससचीही हीच फसगत झाली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेच्या २०२४च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचं दिसलं.

कॉल देणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: वर्षभरातल्या सगळ्या कॉलची तारीखवार यादी, चुकलेल्यांसकट; प्रत्येक कॉलचा भाव आणि मुदत; आणि सेबीचा नोंदणी क्रमांक. क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर नंबर ब्लॉक करा, आणि ज्याने तो ग्रुपवर टाकला त्यालाही सांगा.