चौकात थांबायचं कुठे?

दरवर्षी 11 डिसेंबर जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच वाद पेटतो. त्या दिवशी पुणे महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा गाड्यांना बंद ठेवते. अर्ध्यांचं म्हणणं, रस्ता कायमचाच चालणाऱ्यांना देऊन टाका. उरलेले विचारतात, गिऱ्हाईक दारापर्यंत पोचलं नाही तर दुकानदारांनी काय करायचं, आणि आजूबाजूच्या पेठांत कोंडी होते तिचं काय? मग कुणीतरी हमखास लिहितं, "तुला प्रागमध्ये बसून बोलायला सोपं आहे. तिकडे पहिल्यापासूनच मोकळे चौक आहेत."

दुकानदारांची काळजी मला पटते. हे शेवटचं वाक्य मात्र अजिबात पटत नाही, कारण प्रागचे चौक पहिल्यापासून मोकळे नव्हते.

वेन्सेस्लास चौकच घ्या. 1348 मध्ये चेक राजा चौथ्या चार्ल्सने प्रागचं नवं शहर वसवलं तेव्हा हा घोड्यांचा बाजार होता. साधारण पाऊण किलोमीटर लांब आणि साठ मीटर रुंद अशी ही जागा, म्हणायला चौक, दिसायला मोठा राजरस्ता. आजचं नाव मिळालं 1848 साली. वरच्या टोकाला घोड्यावर बसलेला संत वेन्सेस्लासचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे राष्ट्रीय संग्रहालय. या दोघांच्या मधून 1970 च्या दशकात सरकारने चक्क शहराचा महामार्ग नेला. आजही पुतळ्यापासून संग्रहालयाकडे जाताना भरधाव गाड्यांचे पट्टे ओलांडावे लागतात. म्हणजे गाडीपुढे मान तुकवण्याची चूक त्यांनीही केली आहे, आणि तीही देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या चौकात.

प्रागच्याच माला स्त्राना भागातल्या चौकाची गोष्ट तशीच. किल्ल्याच्या पायथ्याशी, सेंट निकोलस चर्चच्या हिरव्या घुमटाखाली, कितीतरी वर्षं नुसतं पार्किंग होतं. 2016 च्या सुमारास ते हटवलं. ट्राम मात्र हटवली नाही. 22 नंबरची ट्राम आजही चौकातूनच जाते. पुण्याच्या वादात मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. गाड्या बंद करणं म्हणजे माणसांची वाट बंद करणं नव्हे. 2024 पासून लक्ष्मी रस्त्याजवळच्या मंडईला मेट्रोचं स्टेशन झालं आहे. ते नसताना जो वाद होता तोच जसाच्या तसा आजही घालत राहणं बरोबर नाही.

पण चौक म्हणजे फक्त वाहतुकीचा प्रश्न नाही. संग्रहालयासमोरच्या फरसबंदीत एक काशाचा क्रूस आहे. तो उभा नाही, आडवा आहे, आणि त्याच्याभोवतीची जमीन उंचवटा आल्यासारखी फुगलेली आहे, जणू खालून कुणीतरी वर येतंय. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणानंतर देश मुकाट होत चालला म्हणून यान पालाख या विद्यार्थ्याने 16 जानेवारी 1969 ला इथे स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांनी, नोव्हेंबर 1989 मध्ये, हाच चौक माणसांनी भरला. 24 तारखेला विरोधकांचा नेता, नाटककार वात्स्लाव हावेल आणि 1968 च्या सुधारणांचा नेता अलेक्झांडर दुबचेक एका बाल्कनीत येऊन बोलले आणि त्याच संध्याकाळी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाने राजीनामा दिला. लोकांना एकत्र उभं राहायला जागा नसती तर ही गर्दी कुणाला दिसली असती?

इथे मला हुतात्मा चौक आठवतो. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसं गेली, आणि 1961 मध्ये तिथे स्मारक झालं. आपल्या राज्याच्या जन्माची ही जागा. कारंज्याची डागडुजी झाली, भोवती थोडी मोकळी जागाही मिळाली, हे खरंच चांगलं झालं. तरी 1 मे सोडला तर तिथे मुद्दाम थांबणारा मुंबईकर किती वेळा दिसतो? नुसतं नाव देऊन आपण मोकळे होतो. महाराष्ट्रात प्रत्येक चौकाला नाव आहे, अनेक चौकांत पुतळा आहे, पण पुतळ्याकडे दोन मिनिटं मान वर करून बघायचं तर मागून हॉर्न वाजतो. ज्याच्यासाठी पुतळा उभारला त्याचा हा मान नव्हे.

पुतळ्यांवरून भांडणं प्रागमध्येही कमी नाहीत. जुन्या शहराच्या चौकात 1650 मध्ये उभारलेला कुमारी मेरीचा स्तंभ होता. नोव्हेंबर 1918 मध्ये, ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याची सत्ता कोसळल्यावर, जमावाने त्या सत्तेची खूण म्हणून तो पाडला. पुन्हा उभारावा की नाही यावर पुढे कितीतरी वर्षं वाद झाले आणि अखेर 2020 मध्ये त्याची प्रतिकृती उभी राहिली. समोरच धर्मसुधारक यान हुसचं 1915 चं स्मारक आहे. कॅथलिकांचा स्तंभ आणि कॅथलिक चर्चने जिवंत जाळलेला हुस, दोघंही एकाच चौकात. जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीलगत जमिनीत 27 पांढरे क्रूस जडवलेत. 1621 साली 21 जूनला हाब्सबुर्ग सत्तेविरुद्धचे बंडखोर म्हणून देहदंड दिलेल्या 27 जणांचे. टाऊन हॉलवरच्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळातला सांगाडा घंटा वाजवतो म्हणून सगळे वर बघत असतात आणि पायाखाली हे क्रूस असतात. युरोप टूरवर येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी आधी खाली बघायला सांगते.

मात्र हा चौक आपण आदर्श म्हणून घेऊ नये, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. प्रागची माणसं तिथून कामापुरती जातात, बसत नाहीत. बसायचं तर कॅफेत पैसे मोजावे लागतात, आणि भोवतालच्या घरांतून राहणारे लोक कमी होत चाललेत. गाड्या गेल्या आणि जागा पर्यटनाच्या धंद्याने घेतली. लक्ष्मी रस्ता असा झाला तर पेठेतल्या माणसाला काय मिळालं?

मला हवा आहे तो चौक पर्यटकांच्या यादीत क्वचितच असतो. राजा यिर्झीच्या नावाचा, सगळे ज्याला यिर्झाक म्हणतात तो. मध्ये वास्तुकार योझे प्लेच्निकने बांधलेलं 1932 चं चर्च, त्याच्या मनोऱ्यावर खिडकीएवढं नव्हे, मजल्याएवढं काचेचं घड्याळ. बुधवार ते शनिवार शेतकऱ्यांचा बाजार भरतो. संध्याकाळी गवतावर विद्यार्थी पसरलेले, बाकांवर आज्या, बाजूला बाबागाड्या. कुणी काही विकत घेतलं नाही तरी कुणी उठवत नाही.

आणि असली जागा आपल्याला परकी नाही. शिवाजी पार्कचा कट्टा हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे, गावातला पारही तेच करायचा. युरोपातून नक्कल आणायची काहीच गरज नाही. तेव्हा यंदा ग्रुपवर वाद निघाला की मी एवढंच मागणार आहे. एक दिवसाच्या उत्सवाऐवजी सलग महिनाभर प्रयोग करा, आणि त्या महिन्यात सावली द्या, पाठ टेकता येईल असे बाक द्या, स्वच्छ स्वच्छतागृह द्या, मालाच्या टेम्पोला सकाळची ठरावीक वेळ द्या, ज्येष्ठांसाठी मेट्रो स्टेशनपासून छोटी बस ठेवा. महिन्याअखेरीस दुकानदारांना गल्ल्याचा हिशेब विचारा, आणि पेठेत राहणाऱ्यांना विचारा की ते तिथे बसले का.